मुलगी नक्की डावखुरी की उजवी?

प्रश्न: माझी मुलगी ६ वर्षांची आहे. लिहिते डाव्या हाताने, चित्रं पण डाव्यानेच, पण बॉल उजव्याने फेकते आणि जेवते उजव्याने. सासूबाई म्हणतात अजून पक्कं झालेलं नाहीये, आत्ताच उजव्याची सवय लावा. हे मोजायची काही टेस्ट असते का? – एक आई, सांगली

उत्तर: असते की, आणि घरी करता येते. १९७१ साली ओल्डफिल्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एडिंबरा हँडेडनेस इन्व्हेंटरी ही प्रश्नावली काढली, अजूनही तीच सगळ्यात जास्त वापरतात. १० कामं आहेत: लिहिणं, चित्र, फेकणं, कात्री, टूथब्रश, सुरी, चमचा, झाडू, काडी ओढणं, डब्याचं झाकण उघडणं. कामासाठी एकच हात पक्का असेल तर त्या बाजूला २ खुणा, नुसता जास्त वापरत असेल तर १, दोन्ही चालत असतील तर दोन्हीकडे १-१. मग उजव्या खुणांतून डाव्या वजा करायच्या, एकूण खुणांनी भागायचं आणि १०० ने गुणायचं. पूर्ण उजवा म्हणजे +१००, पूर्ण डावा -१००. समजा तिच्या डावीकडे ८ आणि उजवीकडे ६ खुणा आल्या तर उत्तर साधारण -१४, म्हणजे मधलीच, थोडी डावीकडे. यात 'पक्कं न होणं' वगैरे काही नाही, अशी मिश्र माणसं भरपूर असतात. सचिन बॅटिंग-बोलिंग उजव्याने करायचा आणि सही डाव्याने, गांगुलीचं उलटं, माणूस उजवा पण बॅटिंग डावी.

पण आपल्याकडे ही यादी जरा फसवते. झाडूच्या प्रश्नात दांड्यावर वरचा हात कुठला ते विचारलंय, आपली केरसुणी तर एकाच हातात धरतात. आणि चमच्याचं काय, आपल्याकडे डाव्या हाताने घास घेतला की कोणीतरी डोळे वटारतंच, त्यामुळे तुमची मुलगी उजव्याने जेवते ते तिच्या शरीराने ठरवलं की घराने हे कळायला मार्ग नाही. म्हणून जे कोणी शिकवलेलं नाही ते बघा, उदा. झाकण कुठल्या हाताने फिरवते.

आवड आणि हातातलं कौशल्य या पण दोन वेगळ्या गोष्टी. कौशल्यासाठी भोकं असलेल्या पाटीवर १० खुंट्या एका ओळीतून दुसऱ्या ओळीत हलवायला लावतात आणि प्रत्येक हाताचा वेळ घेतात. घरी राजमा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत एकेक करून टाकायला सांगा, तीन-चार वेळा, आणि सरासरी काढा, एकदाच केलं तर काही अर्थ नाही.

हातासारखाच कुठला पाय जास्त चालतो ते बॉलला किक मारायला लावून कळतं. डोळ्यासाठी दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवायची, त्यातून लांबचं घड्याळ बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या उघड्या डोळ्याने घड्याळ फटीत दिसत राहतं तो तिचा मुख्य डोळा. हात डावा आणि डोळा उजवा निघाला तरी घाबरू नका, अगदी कॉमन आहे.

सासूबाईंना सांगा, हात बदलायला लावू नका, त्याने फायदा काहीच नाही, लिहिताना उगाच त्रास. हां, आधी नीट वापरत असलेला हात अचानक टाळायला लागली तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि कात्रीचा मार्क देण्याआधी डावखुऱ्यांची कात्री आणून द्या, पाती उलट्या बाजूला असतात, नेहमीच्या कात्रीने डाव्या हातात कागद कापला न जाता दुमडतो.