ओव्हरटाइमची नोंद स्वतःची ठेव
नोकरीच्या पहिल्या दिवसापासून एक छोटी वही कर. आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, जादा थांबायला कुणी सांगितलं, हे रोजच्या रोज लिही. महिनाअखेरीला पगाराच्या स्लिपशी ताळा करताना नुसत्या आठवणीवर भागत नाही. हजेरीच्या मशीनवरही विसंबू नकोस. महिन्याच्या पगारावर असलास तर जादा तासांचे पैसे मिळतात की बदली सुट्टी, हे नोकरीच्या करारावर सही करण्याआधीच विचार. त्यात लाजायचं काय? कारखान्यांसाठी दिवसाला ८, आठवड्याला ४८ तास आणि ओव्हरटाइमला किमान सव्वापट दर हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ मध्येच ठरवलं होतं. आणि तब्येत सांभाळ रे. आठवड्याला ५५ तासांवर काम गेलं की पक्षाघाताचा धोका वाढतो. मशीनवर असशील तर सलग दुसरी पाळी सरळ नाकार.