खात्री मागणे थांबव

चिरंजीव,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. विश्रामबागेतल्या खोलीचे कुलूप ओढून पाहून तू निघतोस, चौकापर्यंत पोहोचतोस आणि परत वळतोस. कुलपाचा फोटो मोबाइलमध्ये असला तरी तो आजचाच ना, अशी शंका येते, आणि शेवटी तासगावला आईला फोन लावून "काही होणार नाही ना?" असे विचारतोस. ओढून ओढून अंगठ्यावर वळ उठला आहे, हे वाचून फार वाईट वाटले. तुझे वर्णन ओसीडीशी, म्हणजे नकोसे विचार आणि ते शमवायला पुन्हा पुन्हा केलेल्या कृती यांच्या आजाराशी, ज्याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात, पुष्कळ जुळते. निदान मात्र मानसोपचारतज्ज्ञांनीच करायचे आहे.

गणपती मंदिरात गाभाऱ्यासमोर मनात शिवी उमटली, हे तू पत्राच्या अगदी शेवटी, जणू गुन्हा कबूल करावा तसे लिहिले आहेस. रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की असले नकोसे विचार कोणताही आजार नसलेल्या माणसांच्याही मनात येतात. ते तसेच येतात आणि निघून जातात. ज्याला हा आजार आहे तो मात्र त्या विचाराला अर्थ चिकटवतो, तो पुसून टाकण्यासाठी काहीतरी करतो, आणि म्हणूनच विचार ठाण मांडून बसतो. तू पापी नाहीस. त्या विचाराचे प्रायश्चित्त म्हणून अथर्वशीर्षाची आवर्तने मोजत बसू नकोस. श्रद्धेने म्हणायचे ते अवश्य म्हण.

कुलूप पुन्हा पाहिल्यावर जी सुटका वाटते ती सावकाराच्या कर्जासारखी असते: आजची नड भागते आणि उद्याचा बोजा वाढतो. 'मी तपासले म्हणून चोरी झाली नाही' असे मेंदू शिकतो आणि दुसऱ्या दिवशी तपासणी अधिकच मागतो. आईचे "काही होणार नाही रे" हेही तपासणेच आहे. ती मायेने बोलते, परंतु तिच्या प्रत्येक उत्तराने तुझी शंका पोसली जाते, हे तिला कुणीतरी नीट समजावून सांगितले पाहिजे. "याचे उत्तर मी देणार नाही असे आपले ठरले आहे, आता जेवलास का ते सांग," असे म्हणायला तिला शिकव. पहिले काही दिवस तुम्हा दोघांनाही ते कठीण जाईल.

यावरचा सर्वांत भरवशाचा मानसोपचार १९६६ मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर यांच्या कामातून पुढे आला. ज्याची भीती वाटते त्याला जाणूनबुजून सामोरे जायचे आणि नेहमीची कृती करायची नाही, एवढेच त्याचे सूत्र आहे. करायला मात्र ते अवघड आहे. भीतींची उतरंड कागदावर मांड आणि सर्वांत हलक्या भीतीपासून सुरुवात कर. समज, त्या उतरंडीत कपाटाचे दार सर्वांत खालच्या पायरीवर असेल, तर ते एकदाच लाव, हात काढून घे आणि निघ. छाती धडधडेल, पाय मागे ओढतील. त्या वेळी मनाची समजूत घालू नकोस, 'लागले असेल, नसेलही' एवढेच म्हण आणि चालत राहा. बेचैनी बहुधा आपोआप ओसरते; एखाद्या दिवशी ओसरली नाही, तरी तिच्यासकट कॉलेज गाठता येते, हेच तर शिकायचे आहे. वरच्या पायऱ्या मात्र समुपदेशकाच्या सोबतीनेच चढ.

औषधांना घाबरू नकोस. फ्लुओक्सेटीन किंवा सर्ट्रालीनसारख्या गोळ्या या आजारात नैराश्यापेक्षा बऱ्याचदा जास्त मात्रेत द्याव्या लागतात आणि त्यांचा गुण दिसायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरे वाटले म्हणून, त्या मनाने बंद करू नयेत. कुणी बाहेरचे काहीतरी आहे म्हणून उतारा सुचवला, तर नम्रपणे नकार दे. त्यात वर्षे जातात, आणि तुझ्या वयात ती फार मोलाची असतात.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. एखाद्या रात्री फारच असह्य झाले, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते. तोवर रोज किती वेळ तपासण्यात गेला आणि कोणत्या प्रसंगी, हे वहीत टिपून ठेव. डॉक्टर ते विचारतीलच. मिरजेला जायचा दिवस ठरला की कळव, मी सोबत येईन.