लॅपटॉपचे कर्ज: सांगितलेले बारा टक्के, लागलेले साडेएकवीस टक्के

सांगली जिल्ह्यातील एका वाचकांनी मुलीच्या अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी आठ महिन्यांपूर्वी ६०,००० रुपयांचा लॅपटॉप दुकानात बसलेल्या वित्त कंपनीच्या प्रतिनिधीमार्फत कर्जाने घेतला. ‘बारा टक्के व्याज, ५,६०० रुपयांचे बारा हप्ते’ असे त्यांना तोंडी सांगण्यात आले आणि मोबाइलवर आलेला ओटीपी त्यांनी प्रतिनिधीला सांगून टाकला. खात्यातून मात्र दरमहा ५,८२४ रुपये कापले जातात, उताऱ्यावर दर साडेएकवीस टक्के दिसतो आणि ‘संरक्षण योजना’ म्हणून २,४०० रुपये कर्जात मिळवलेले आहेत. हप्ते थांबवून फसवणुकीची तक्रार करावी काय, असे ते विचारतात. अशा आशयाची पत्रे माझ्याकडे सतत येतात.

व्याजदराबाबत फारशी आशा मी देऊ शकत नाही. बारा टक्के हा फ्लॅट दर होता, म्हणजे व्याज वर्षभर पूर्ण मुद्दलावर धरले गेले. प्रत्यक्षात मुद्दल दरमहा फिटत जाते आणि सरासरीने जेमतेम निम्मीच रक्कम आपल्याकडे राहते, म्हणून घटत्या शिलकीवर तोच दर सुमारे साडेएकवीस टक्के होतो. ५,६०० ला बाराने गुणले असते तर व्याजाचे ७,२०० रुपये दुकानातच दिसले असते, आणि २२४ रुपये जास्त कापले जात आहेत हे पहिल्याच हप्त्याला कळायला हवे होते. आठ हप्ते जाऊ देणे ही आपली चूकच आहे आणि समोरची बाजू तिचा फायदा घेईल.

आपले प्रकरण उभे राहील किंवा पडेल ते एका कागदावर. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जासाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचे विवरण, देणे बंधनकारक आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, त्याला समजावून सांगून त्याची पोच घ्यावी, आणि त्यात सर्व शुल्के धरून निघणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, नमूद असावा. आपल्यासारख्या कर्जात त्यावर विचार करण्यासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. दुकानाच्या काउंटरवर पाच मिनिटांत ओटीपी देण्याची कोणतीही सक्ती नव्हती. त्याच परिपत्रकातील निर्णायक तरतूद अशी, की या विवरणात नसलेले कोणतेही शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या संपूर्ण मुदतीत आकारता येत नाही. संरक्षण योजनेचे २,४०० रुपये विवरणात नसतील, तर ते आणि त्यावरील २८८ रुपये व्याज, असे एकूण २,६८८ रुपये परत मागण्याचा आपला पाया भक्कम आहे. ओटीपी हीच संमती होती असा युक्तिवाद कंपनी करील. तो टिकेल की नाही, हे ओटीपीच्या संदेशात नेमके काय लिहिले होते यावर ठरेल, म्हणून तो संदेश पुसू नका.

हप्ते मात्र कदापि थांबवू नका. खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने स्वयंचलित हप्ता परत गेला, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली, धनादेश न वटण्यासारखाच, तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो. शिवाय पतनोंद बिघडेल आणि मुलीच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी सहअर्जदार म्हणून आपल्यालाच ते नडेल.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला याच आठवड्यात लेखी पत्र द्या आणि विवरणाची प्रत, आपल्या पोचेची नोंद व संरक्षण योजनेची पावती मागा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे; आपण राहता त्याच जिल्ह्यात तक्रार चालते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, पण मुदत दोनच वर्षांची आहे आणि त्यातील आठ महिने गेलेले आहेत. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा लिहिलेली असली, तरी आयोगाच्या तारखा वर्षानुवर्षे पडत राहतात, आणि २,६८८ रुपयांसाठी एखाद्या नोकरदाराने इतक्या रजा घालवाव्यात हे मला पटत नाही. म्हणून आधी लोकपालाकडे जा. मात्र त्याच वादाचे प्रकरण आयोगापुढे चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाहीत, हे ध्यानात ठेवा. पत्राची तारखेसह पोच घ्या, कारण तीस दिवस त्या तारखेपासून मोजायचे आहेत.