वाचकांचे प्रश्न: स्पेनमध्ये पिढ्यांना वर्षांची नावं का?

प्रश्न: मी ऑनलाइन स्पॅनिश शिकतेय, आता साहित्याचा पेपर आलाय. बाकी युरोपात रोमँटिसिझम, रिअॅलिझम अशी नावं असतात, मग स्पेनमध्येच '९८ची पिढी', '२७ची पिढी' हे काय प्रकरण? त्या वर्षी नक्की झालं काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: रोमँटिसिझम वगैरे स्पेनमध्येही झालं हो, पण ही दोन वर्षं वेगळी आहेत आणि दोघांची कारणंही एकमेकांशी जुळत नाहीत. १८९८ला स्पेनचं अमेरिकेशी युद्ध झालं, काही महिन्यांत आटोपलं पण, आणि क्युबा, प्वेर्तो रिको, फिलिपिन्स सगळं हातचं गेलं. मग आपलं चुकलं कुठे, आपण आहोत तरी कोण, असं विचारत उनामुनो, बारोहा, असोरिन, माचादो ही मंडळी लिहीत राहिली. कास्तियाचा (स्पेनच्या मधला प्रांत) रखरखीत माळ, तिथली ओस पडलेली गावं, तोच खरा स्पेन असं ह्यांनी ठरवून टाकलं. आणि गंमत म्हणजे ह्या चौघांतला एकही तिथला नाही! उनामुनो बिल्बाओचा, बारोहा सान सेबास्तियानचा, असोरिन आलिकांतेकडचा, माचादो सेवियाचा. पिढीचं नाव असोरिनने रुजवलं तेही १९१३ला, म्हणजे पंधरा वर्षांनी, आणि बारोहा तर अशी पिढीबिढी काही नव्हतीच म्हणायचा. पेपरात हे जरूर लिहा, सगळे नुसत्या नावांच्या याद्या लिहितात.

आता १९२७. त्या वर्षी ना युद्ध ना काही, गोंगोरा नावाच्या कवीला जाऊन ३०० वर्षं झाली होती एवढंच. हा माणूस भयंकर अवघड लिहायचा. त्याच्या 'सोलेदादेस' ह्या दीर्घ कवितेची सुरुवात बघा, वसंत ऋतू होता आणि सूर्य वृषभ राशीत होता एवढंच सांगायचंय, पण तो सांगणार की युरोपा नावाच्या राजकन्येला पळवून नेणारा तो बनावट बैल (बैलाचं रूप घेतलेला झ्यूस देव), कपाळावर शस्त्रं म्हणून अर्धचंद्र, अंगावरचा केस न् केस म्हणजे सूर्याचे किरण, असा तो नीलमण्यांच्या शेतात तारे चरतोय. वाचणाऱ्याने आधी ग्रीक पुराण आठवायचं, मग आकाश बघायचं, मग कुठे ऋतू कळणार. त्याच्या हयातीतच केवेदो ह्या दुसऱ्या कवीने त्याची यथेच्छ टर उडवली, 'माझ्या कवितांना डुकराची चरबी चोळून ठेवतो म्हणजे तू चावायचा नाहीस' असं लिहिलं, ज्यू डुक्कर खात नाहीत, म्हणजे तू मूळचा ज्यू आहेस असा टोमणा, इन्क्विझिशनच्या (धर्मद्रोही हुडकून शिक्षा देणारं धर्मन्यायालय) काळात हा नुसता विनोद नव्हता. पुढे गोंगोराचं भाड्याचं घर विकत घेऊन केवेदोने त्याला बाहेर काढलं असंही सांगतात.

नंतर बराच काळ गोंगोरा म्हणजे शब्दांचा फापटपसारा हेच मत चालू राहिलं. आणि १९२७च्या डिसेंबरात लोर्का, आल्बेर्ती, गियेन, दामासो आलोन्सो, हेरार्दो दिएगो हे तरुण कवी सेवियाला जमले, का तर आम्हाला हाच हवाय म्हणून, तीच ही '२७ची पिढी'. खर्च उचलला कोणी, तर सांचेस मेहियास ह्या बैलझुंजीतल्या मातादोरने! १९३४ला बैलाच्या शिंगाने तो गेला तेव्हा लोर्काने त्याच्यावर जो शोक लिहिला, 'दुपारी पाच वाजता' परत परत येतं तो, तेवढा तरी मुळातून वाचा, स्पॅनिश सोपी आहे. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९३६मध्ये, लोर्कालाच ग्रानादाजवळ गोळ्या घातल्या आणि यादवी युद्धात बाकीचे बरेचसे परदेशात पांगले.

म्हणून मला विचाराल तर ह्या चळवळी ओळीने एकापाठोपाठ पाठ करूच नका, कोण कोणाशी भांडलं आणि कोणी कोणाला परत उकरून काढलं तेवढं धरा, वर्षं आपोआप लक्षात राहतात.

प्रश्न: 'डॉन किहोते' (डॉन क्विक्झोट) हातात घेतलं पण जाडी बघूनच ठेवून दिलं. जुन्यातलं काही छोटं आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: आहे ना, 'लासारियो दे तोर्मेस', १५५४ची छोटी कादंबरी, लेखक अज्ञात, एका बैठकीत संपते. गरीब पोरगा एका आंधळ्या भिकाऱ्याकडे कामाला असतो, म्हातारा महाचिकट, वाइनचा बुधला सोडत नाही. पोरगा बुधल्याच्या बुडाला भोक पाडतो, वर मेण लावतो, आणि थंडीचं निमित्त करून शेकोटीजवळ म्हाताऱ्याच्या पायात घुसून बसतो, उबेने मेण वितळतं की धार थेट तोंडात. म्हातारा बुधला चाचपून भोक हुडकतो, पण बोलत काहीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी पोरगं डोळे मिटून आस्वाद घेत असताना तोच बुधला दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर आदळतो. दात जातात. रिअॅलिझम एकोणिसाव्या शतकातला असं पुस्तकात असतं खरं, पण हे वाचलं की ते पटत नाही. पाद्र्यांचे वाभाडे काढलेत म्हणून १५५९ला ह्यावर बंदीसुद्धा आली होती.

प्रश्न: आपल्याकडच्या लेखकांतलं कोणी तिकडे स्पेनमध्ये पोचलं का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: टागोर, आणि जोरात. सेनोबिया काम्प्रुबीने इंग्रजीवरून भाषांतरं केली, कवी हुआन रामोन हिमेनेसने (ह्याला १९५६चं नोबेल) त्यावर हात फिरवला, पहिलं पुस्तक १९१५ला आलं आणि पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. लॅटिन अमेरिकेतही टागोर भरपूर वाचले गेले. चिलीचा कवी नेरुदा, त्याच्या १९२४च्या प्रेमकवितांच्या संग्रहात सोळावी कविता टागोरांच्या 'गार्डनर' ह्या संग्रहातल्या तिसाव्या कवितेवर बेतलेली आहे, त्यावरून चोरीचा आरोप होऊन बराच गदारोळ झाला आणि नंतरच्या आवृत्त्यांत तशी टीप टाकावी लागली. दोन्ही शेजारी ठेवून बघा, संध्याकाळचा ढग दोन्हीकडे आहे.