नव्या लेआउटमध्ये रस्ता ९ मीटरचा पुरतो, की १२ मीटरचाच हवा?

बदलापूरजवळ दोन एनए (बिगरशेती) प्लॉटिंग बघितलीत, एकात आतले रस्ते ९ मीटरचे, दुसऱ्यात १२ मीटरचे, भावात बराच फरक, तर जादा पैसे मोजावेत का, असं तुम्ही विचारलंय. नुसता आकडा हवा असेल तर १२ घ्या. पण तुमच्या जागी मी असते तर रुंदीच्या आधी एक गोष्ट विचारली असती: हा रस्ता पुढे कुठे जातो? एजंट याचं उत्तर आपणहून देणार नाही, कारण बहुतेक वेळा तो कुठेच जात नाही.

मी दादरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. ट्रेसिंग पेपर आणि रोट्रिंग पेनपासून ऑटोकॅडपर्यंत सगळ्यावर लेआउट काढलेत. जमीनमालक येऊन बसला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आधी प्लॉट बसवा, रस्त्याचं नंतर बघू." मग प्लॉट बसले की उरेल त्या पट्टीतून रस्ता वाकडातिकडा काढायचा आणि नियमाची किमान रुंदी कशीबशी भरायची. त्यामुळे कागदावरचे ९ किंवा १२ मीटर बघून मी कधीच सुखावत नाही.

रुंदीचा हिशेब आधी उरकते, कारण तो सोपा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे फुटपाथ चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळा हवा. दोन्ही बाजूंचे मिळून ३.६ गेले. ९ मीटरच्या रस्त्यात उरले ५.४. एका बाजूला गाड्या लागल्या की साधारण २ मीटर आणखी गेले. उरलेल्या ३.४ मध्ये एक गाडी जाते, समोरून रिक्षा आली की एकाला मागे जावं लागतं. १२ मीटरच्या रस्त्यात हाच हिशेब ६.४ वर थांबतो आणि दोन गाड्या एकमेकींना टाळून जातात. म्हणून १२ म्हटलं. प्रत्यक्षात ९ मीटरवाला बिल्डर फुटपाथच करत नाही आणि म्हणतो, बघा किती मोकळा रस्ता आहे.

आमच्या मुंबईत हे आकडे वेगळेच दिसतात: ९.१५, १२.२०, १३.४०, १८.३०, २७.४५. नवख्या माणसाला वाटतं काहीतरी शास्त्र असेल. हे जुने ३०, ४०, ४४, ६० आणि ९० फूट आहेत, मीटरमध्ये लिहिलेले. धारावीतला, घाटकोपरमधला नव्वद फुटी रस्ता तो हाच २७.४५. डीपीचे, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याचे, नकाशे काढणाऱ्यांना हे आकडे झोपेतही पाठ असतात, मलाही आहेत.

आता आमच्याच १३.४० मीटरच्या रस्त्याबद्दल सांगते, कारण तुमचा प्रश्न वाचल्यावर मला तोच आठवला.

आम्ही बोरिवली पश्चिमेला राहतो. आमच्या कॉम्प्लेक्समधून विकास आराखड्यातला १३.४० मीटरचा रस्ता जातो. नकाशावर तो शेजारच्या लेआउटमधून सरळ पुढे जाऊन पलीकडच्या मोठ्या रस्त्याला मिळतो. फ्लॅट घेताना मी तो नकाशा स्वतः वाचला होता आणि घरच्यांना सांगितलं होतं की इथून शाळा आणि बाजार पायी आहेत. आमच्या बिल्डरने त्याच्या हद्दीपर्यंत रस्ता केला. शेजारचा बिल्डर काही वर्षांनी आला, त्याने भराव घालून जमीन उंच केली आणि त्याच्या हद्दीपर्यंत रस्ता केला. दोन्ही अर्धे रस्ते डांबरी, दोन्हीकडे दिवे आणि मध्ये कंपाउंडची भिंत. नाव मात्र दोन्ही तुकड्यांना एकच. शाळा भिंतीपलीकडे, अगदी हाकेच्या अंतरावर, आणि पोरं पाठीवर दप्तरं घेऊन मुख्य रस्त्याने वळसा घालून जात होती.

मी सोसायटीच्या सभेत विषय काढला की दोन्ही सोसायट्यांनी मिळून पालिकेकडे अर्ज करू, भिंत काढू, उंचीच्या फरकाला उतार देऊ. नकाशा घेऊन गेले होते. तेव्हा माझे दीर कमिटीचे अध्यक्ष होते. भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, नकाशे काढणं वेगळं आणि सोसायटी चालवणं वेगळं." त्यांचं म्हणणं असं की रस्ता जोडला तर बाहेरच्या गाड्या शॉर्टकट म्हणून घुसतील, चोऱ्या वाढतील, फ्लॅटचे भाव पडतील. सभेने माना डोलावल्या. भिंत आणखी दोन फूट उंच करायचा ठराव झाला. माझा विरोध इतिवृत्तात आलासुद्धा नाही.

पुढे एका दुपारी आमच्या विंगेतल्या एका स्वयंपाकघरात आग लागली. १०१ ला फोन गेला, फोन करणाऱ्याने घाबरून नुसतं रस्त्याचं नाव सांगितलं. बंब आला, पण त्याच नावाच्या पलीकडच्या तुकड्यात. आम्हाला सायरन ऐकू येत होता, भिंतीवरून बंबाचा लाल माथा दिसत होता. तिथे वळायला जागा नाही, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. त्या चालकाने एवढी मोठी गाडी उलटी मागे नेली, मुख्य रस्त्याला लागला, वळसा घालून आमच्या फाटकातून आत आला. तोवर विंगेतल्या मुलांनी जिन्यातला होज लावून आग विझवली होती. कोणाला इजा झाली नाही, ओटा आणि छत जळून काळं झालं. पण घरात एखादी म्हातारी बाई अडकली असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

राष्ट्रीय इमारत संहितेत याची तरतूद आहे. बंद टोकाचा रस्ता साधारण १५० मीटरपर्यंत, त्यापुढे फार तर २७५ मीटरपर्यंत, तोही सरळ असेल आणि १५० मीटरवर वळायला जादा जागा ठेवली असेल तरच. वळायची जागा किमान ८१ चौरस मीटर आणि कुठल्याही बाजूने ९ मीटरपेक्षा कमी नको. आणखी एक अट मला फार शहाणपणाची वाटते: बंद टोक सुरुवातीपेक्षा उंच हवं. नाहीतर पावसाचं पाणी वाहत जाऊन टोकाच्या घरांच्या दारात थांबतं. तुम्ही बदलापूरला घेताय, उल्हास नदीच्या पुराबद्दल तिथल्या लोकांना विचारा आणि मग प्लॉटिंगच्या टोकाचा स्वस्त प्लॉट का स्वस्त आहे ते बघा.

भाऊजींचा मुद्दा अगदीच पोकळ होता असं नाही. बाहेरच्या गाड्या शॉर्टकट म्हणून घुसतात हे खरं आहे, मुंबईत तर घुसतातच. पण त्यावर भिंत हा उपाय नाही. रस्ता जोडायचा आणि वाहनांचा वेग मारायचा: क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीला घ्यायचं, चौक आवळायचा, रस्त्याला एखादं वळण द्यायचं. अगदीच नको असेल तर लोखंडी खांब उभे करायचे, ज्यांच्यामधून माणूस आणि सायकल जाईल, आणि बंब आला तर कुलूप काढून ते आडवे करता येतील. आणि चोर नकाशा वाचून येत नाही. चार माणसं येती-जाती असलेल्या रस्त्यापेक्षा भिंतीच्या कडेचा अंधारा कोपरा त्याला बरा. आमच्या टोकाशी गाड्यांच्या काचा फुटल्या त्या भिंत उंच झाल्यानंतर, हे भाऊजींना मी तोंडावर सांगितलंय.

मला हे ज्ञान पुस्तकातून आलेलं नाही. ऑफिस दादरला होतं, जेवणाच्या सुट्टीत मी हिंदू कॉलनीतून फिरून यायची. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने दादर-माटुंग्याचा हा भाग आखला. तिथल्या गल्ल्या काही फार रुंद नाहीत, पण त्या एकमेकींना आणि मोठ्या रस्त्याला मिळतात. एका गल्लीत ट्रक अडकला तर शेजारच्या गल्लीने जा. झाडं आहेत, चालायला जागा आहे. ट्रस्टचा एक नियम होता, साडेत्रेसष्ट अंशांचा: उजेड आत यावा म्हणून इमारत समोरच्या मोकळ्या जागेच्या साधारण दुपटीपेक्षा उंच नको. म्हणजे त्या काळच्या माणसांनी रस्त्याची रुंदी घरातल्या उजेडाशी जोडली होती.

आपण ती कशाशी जोडली? एफएसआयशी, म्हणजे प्लॉटवर किती चटईक्षेत्र बांधता येईल त्या हिशेबाशी. मुंबईच्या २०३४ च्या विकास नियंत्रण नियमावलीत रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क आणून इथे वापरणं, मिळत नाही, आणि पुढे ९, १२, १८, २७ अशा पायऱ्यांनी चटईक्षेत्र वाढत जातं. मोठ्या रस्त्यावर जास्त बांधकाम यात तत्त्व म्हणून चूक नाही. पण आता जो तो रुंदी मागतो ती इमारत उंच करायला, चालायला नाही. अरुंद गल्ल्यांवर ९ मीटरची रेषा आखली जाते आणि इमारत पाडून नवी होईल तेव्हा सेटबॅक, म्हणजे रस्त्यासाठी पुढची पट्टी, घेतला जातो. एक इमारत मागे सरते, शेजारची पुढेच राहते, सगळा रस्ता पडक्या दातांच्या कवळीसारखा होतो. त्या मोकळ्या झालेल्या खाचेत पहिल्या दिवसापासून गाड्या लागतात. असा रस्ता कागदावर रुंद झालेला असतो, चालणाऱ्या माणसाला एक इंचही मिळालेला नसतो. म्हणून नव्या जागी पहिल्यापासून नीट आखणं एवढं महत्त्वाचं आहे. तुमच्याकडे ती संधी आहे, आमच्याकडे उरलेली नाही.

तर तुमच्यासाठी. माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि अंतिम मंजूर लेआउट मागा. तात्पुरती मंजुरी दाखवतील, तिच्यावर समाधान मानू नका. भूमी अभिलेखची मोजणीची क प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दींचा नकाशा, त्याला जुळते का बघा. रस्ता हद्दीला जिथे भिडतो तिथे बोट ठेवून विचारा की पलीकडचा गट नंबर कोणाचा, तिथे मंजूर लेआउट आहे का, त्यात रस्ता याच जागी आणि याच पातळीवर येतो का. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत शेजारच्या जमिनींतल्या रस्त्यांशी मेळ घालायला सांगितलंय, म्हणजे तुम्ही काही मेहेरबानी मागत नाही. रस्त्याची लांबीही मोजा, कारण लांबी वाढली की किमान रुंदी वाढते, आणि लांब रस्ता मध्येच तोडून दोन छोटे रस्ते दाखवायची युक्ती मी जमीनमालकांच्या तोंडून ऐकलेली आहे. रस्ते पुढे नगरपालिकेच्या ताब्यात जाणार की प्लॉटधारकांच्या गळ्यात राहणार तेही लेखी घ्या. खाजगी राहिले तर डांबर, गटार, दिवे सगळं तुमच्या वर्गणीतून.

९ मीटरवाला रस्ता दोन्ही टोकांना जोडलेला असेल आणि १२ मीटरवाला भिंतीला जाऊन थडकत असेल, तर मी डोळे मिटून ९ मीटरवाला घेईन आणि वाचलेल्या पैशांत घर बांधीन. फक्त प्लॉटच्या आत गाडी ठेवायची सोय करा, रस्त्यावर लावू नका.

एक सांगायचं राहिलं. माझा सगळा अनुभव बृहन्मुंबईतला. इथली नियमावली वेगळी, तुमची वेगळी, त्यामुळे मुंबईचे आकडे जसेच्या तसे तिकडे लावू नका. स्थानिक आर्किटेक्टला फी देऊन दोन्ही लेआउट वाचून घ्या. एजंटने सुचवलेला आर्किटेक्ट नको. आणि पुढे उंच इमारत बांधायचा विचार असेल तर अग्निशमनाच्या अटी वेगळ्या आणि कडक आहेत, तिथे ९ मीटरचा विचारसुद्धा करू नका.

आमच्या भिंतीला आगीनंतर माणूस जाईल एवढं दार पाडलंय. सकाळी उघडतात, रात्री कुलूप लावतात. पोरं आता तिथून शाळेत जातात. रस्ता अजून जोडलेला नाही आणि भाऊजी अजून म्हणतात, दार आहे ना, आता काय. बंब दारातून जात नाही, भाऊजी.

तुमच्या प्लॉटिंगमध्येही चार घरं उभी राहिली की टोकाला भिंत घालायचा विषय कोणीतरी काढणारच. त्या सभेला जा, विरोधात मत द्या आणि ते इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.