‘सिस्टीम घेत नाही’ हे उत्तर नव्हे

सोलापूर,
रविवार

प्रिय मुली,

परवा सिद्धेश्वर तलावाच्या काठी तू मला पुण्याच्या कंपनीचे पत्र दाखवलेस आणि पगाराचा आकडा सांगताना तुझा आवाज खाली गेला. कर्ज मागणाऱ्याच्या मोबाइलवरील व्यवहार तपासून त्याला कर्ज द्यावे की नाही हे ठरवणारी प्रणाली तुला बांधायची आहे. नोकरी स्वीकारावी की नाही, ही तुझी घालमेल मला समजली. पण उठताना तू म्हणालीस, ‘मी नाही केले, तरी दुसरे कोणीतरी करणारच,’ आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. हे वाक्य माझे आहे. मी ते तीस वर्षे वापरले आहे.

१९९३ च्या सुमारास मी सोनोग्राफीची यंत्रे बसवून देण्याचे काम करत होतो, हे तुला माहीत आहे. एका तालुक्याच्या गावी यंत्र बसवल्यावर डॉक्टरांनी माझ्यासमोरच एका गर्भवती बाईची तपासणी केली. दाराशी सासू उभी होती. डॉक्टर तोंडाने काही बोलले नाहीत. त्यांनी सासूकडे पाहून मान आडवी हलवली आणि सासू खाली बसली. ती बाई पोटावरचे जेल पदराने पुसत राहिली, पुसून झाल्यावरही पुसत राहिली, आणि तिने मान वर केली नाही. मी त्या वेळी अर्थिंगचे वाचन कागदावर उतरवत होतो. खाली ‘यंत्र समाधानकारक चालते’ असे लिहून मी डॉक्टरांची सही घेतली आणि शेवटची एसटी गाठली.

महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८ साली केला होता, म्हणजे हे चूक आहे हे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो अमलात आला १९९६ मध्ये. नोंदणी नसलेल्या केंद्राला यंत्र विकायचे नाही, हे बंधन तर २००३ च्या दुरुस्तीने आले. तोपर्यंत मी, विकणारा आणि शिकवणारा, सगळे तटस्थ होतो. सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. मी हे आकडे कोणाकडे बोट दाखवण्यासाठी पाठ केलेले नाहीत.

माझी बाजूही तू ऐकून घे. गिरणी बंद पडून वडील घरी बसले होते आणि घर माझ्या पगारावर चालत होते. त्याच यंत्रांनी नळीत राहिलेला गर्भ वेळेत दाखवून अनेक बायकांचे प्राण वाचवले, हेही खरे आहे, आणि यंत्रे नकोत असे मी आजही म्हणणार नाही. मी काम सोडले असते, तर दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरा मुलगा पाना घेऊन उभा राहिला असता. हे सगळे खरे असूनही त्या बाईच्या बाबतीत त्याचा काही उपयोग नाही, कारण त्या खोलीत मी होतो, दुसरा मुलगा नव्हता.

तुझ्या-माझ्या विवेकवादी विचारांच्या माणसांनी या महाराष्ट्रात इतकी वर्षे कशाशी भांडण केले? ‘देवाच्या मनात नसेल’ हे उत्तर आम्ही मान्य केले नाही. दुःख माणसाच्या निर्णयामुळे आले असेल, तर त्याचा जाब माणसालाच द्यावा लागेल, एवढाच आमचा हट्ट होता. जगभरच्या मानवतावादी संघटनांच्या ॲमस्टरडॅम जाहीरनाम्याच्या २००२ च्या आवृत्तीतही हेच आहे की विज्ञान साधने देते, पण साध्ये मानवी मूल्यांनी ठरवायची. आणि आता देवाच्या जागी आपण सिस्टीम बसवली आहे. तुझ्या आईची बोटे तेंदूपाने कातरून आणि विड्या वळून इतकी झिजली आहेत की रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही. दुकानदार म्हणतो, ‘सिस्टीम घेत नाही, उद्या या,’ आणि ती दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा रांगेत उभी राहते. हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. ‘सिस्टीम घेत नाही’ हे उत्तर नव्हे. ‘का’ असे विचारणाऱ्याला उत्तर देणारा माणूस असलाच पाहिजे.

ब्रिटनच्या टपाल खात्यात हिशेबाच्या संगणक प्रणालीने खोटी तूट दाखवली, आणि १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक शाखाचालक चोर ठरले. काही तुरुंगात गेले, काही कर्जात बुडाले, काहींनी जीव दिला. ते ओरडून सांगत होते की आम्ही पैसे घेतलेले नाहीत, पण संगणक बरोबरच असतो असे न्यायालयही गृहीत धरत होते. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानाच्या छाननीत परकीय नागरिकत्व हे संशयाचे कारण धरले गेले, हजारो कुटुंबांवर खोटा ठपका आला आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला. दोन्ही ठिकाणी यंत्राच्या चुकीहून मोठा गुन्हा हा की विचारायला गेलेल्या माणसासमोर उत्तर देणारे कोणी नव्हते.

तू म्हणालीस की तुमच्या प्रणालीत जात किंवा धर्म हा रकानाच नाही. मग पिनकोडचा रकाना आहे ना? सोलापुरात कोणत्या पेठेत कोण राहते हे रिक्षावालाही सांगेल. पूर्व भागातला यंत्रमाग चालवणारा माणूस अकरा वर्षे सुताच्या व्यापाऱ्याची उधारी दर शनिवारी रोखीने फेडत आला असेल, पण तुमच्या प्रणालीला तो दिसणार नाही, कारण त्याच्या मोबाइलवर फक्त मुलाचे रिचार्ज आहेत. ज्यांना आजवर कर्ज मिळालेच नाही, त्यांनी ते फेडले असते की नाही हे तुमच्या जुन्या आकड्यांतून कसे कळणार? हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळते, म्हणूनच तू ‘दुसरे कोणीतरी’च्या आड गेलीस याचा मला राग आला.

नोकरी नाकार असे मी सांगत नाही. तुझ्या आईने किती हजार विड्यांवर तुझी फी भरली हे मला माहीत आहे. पण सही करण्याआधी त्यांना लेखी विचार, की कर्ज नाकारलेल्या माणसाने फोन केला तर तो कोण उचलतो, त्याला कारण माहीत असते का, आणि निर्णय फिरवण्याचा अधिकार त्याला आहे का. केवळ यंत्राने घेतलेल्या निर्णयाविरुद्ध माणसाकडे दाद मागण्याचा हक्क युरोपात मे २०१८ पासून कायद्याने आहे. आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात असा स्पष्ट हक्क नाही. कायदा मागत नाही असे ते तुला सांगतील. मलाही कायद्याने ती सही घेण्यापासून अडवले नव्हते. ‘का’ला उत्तर देणारा माणूस तिथे नसेल, तर तो बसवून घेण्यासाठी तू भांडशील का, एवढे स्वतःला विचार, भांडणार असशील तर जरूर जा, आणि मग हिशेबाच्या प्रत्येक पायरीला नकाराचे कारण साध्या मराठीत लिहून ठेव, त्या यंत्रमागवाल्याला वाचता येईल असे. तुमचे वरिष्ठ त्याला वेळेचा अपव्यय म्हणतील. म्हणू देत.

त्यांचे उत्तर आले की मला दाखव. आईला माझा नमस्कार सांग. या महिन्याचे धान्य तिला अजून मिळाले नसेल, तर मंगळवारी सकाळी मी तिच्याबरोबर दुकानात येतो.

तुझा,
काका