काम देणाऱ्याला धर

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. पोलिसांबरोबर बांधकामाच्या साइटवर गेलीस, मजुरांची टोळी उचलली गेली आणि त्यातला एक बिगारी शाळेचा दाखला पुढे धरून उभा राहिला, तेव्हा तो खरा की खोटा हे तुला सांगता येईना. आता टिपण लिहायचं म्हणून विचारतेस, बेकायदा स्थलांतर रोखायचं तर कुंपण घालावं, नागरिकांची नोंदवही करावी, की उचलून सीमेपलीकडे सोडावं? देशात कोण राहील हे देशानंच ठरवायचं, यावर आपल्यात वाद नाही. पण या टोळीला कामावर ठेवलं कुणी? एवढ्या लांबलचक पत्रात त्याचा साधा उल्लेखही नाही, याचा मला राग आला.

काम देणाऱ्याला धर. बाकी सगळं नंतर.

बांगलादेशाची सीमा 4,096 किलोमीटरची. बऱ्याचशा भागात कुंपण झालंय. उरलेल्या ठिकाणी नद्या आहेत, दर पावसाळ्यात जागा बदलणारी चरं, म्हणजे नदीतली वाळूची बेटं आहेत. कुंपण हवंच. पण पलीकडच्या माणसाला दलालाला पैसे द्यायला लावते ती इकडची मजुरी, आणि तिला कुंपण अडवत नाही. आसामात नागरिकांच्या नोंदवहीसाठी तीन कोटींवर माणसांनी कागद दाखवले. 31 ऑगस्ट 2019 च्या अंतिम यादीतून 19 लाखांहून अधिक वगळले गेले, आणि ती यादी ना परकीयांविरुद्ध आंदोलन करणाऱ्यांना पटली ना वगळलेल्यांना. 2025 च्या जूनमध्ये तर महाराष्ट्रात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशात ढकलले गेले आणि नंतर परत आणावे लागले. मुर्शिदाबादचा माणूस आपल्याच देशाचा आहे गं! बोलीवरून परका ठरवायला निघालं की असंच होणार. तुझ्यासमोरचा तो दाखलेवाला कुठला होता, हे तरी नंतर कुणी तपासलं का?

अमेरिकेचं उदाहरण नीट अभ्यास. 1952 च्या कायद्यात बेकायदा आलेल्याला आसरा देणं गुन्हा, पण कामावर ठेवणं म्हणजे आसरा देणं नव्हे, अशी पळवाट शेतमालकांसाठी मुद्दाम ठेवली होती. 1954 साली मोठी धरपकड झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत सीमेवर पकडल्या जाणाऱ्यांचा आकडा दहा लाखांवरून एक लाखाच्या आत आला. श्रेय धरपकडीला मिळालं. त्याच काळात मेक्सिकन मजुरांना करारावर कायदेशीर आणण्याची योजना सरकारनं वाढवली होती, हे मात्र विसरलं गेलं. 1964 ला ती योजना बंद झाली आणि आकडे पुन्हा चढले. 1986 मध्ये सुमारे 27 लाख लोकांना कायदेशीर केलं आणि मालकांना दंड ठेवला. पण कागद वरवर खरा दिसला की मालक सुटला. मग खोट्या कागदांचा धंदा फोफावला नसता तरच नवल.

तू म्हणशील, मालकाला धरलं तर तो बंगाली बोलणाऱ्या कुणालाच ठेवणार नाही. रास्त आहे. 1990 साली अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांनीच दंडाच्या भीतीनं परक्या दिसणाऱ्यांना नोकऱ्या नाकारल्या जात असल्याची नोंद केली. म्हणूनच मालकाला माणसाचा देश विचारायला लावू नकोस, हजेरीपट विचार. वहीत नाव नसलेला कुणीही साइटवर सापडला, मग तो सातारचा असो की बांगलादेशातल्या सिल्हेटचा, दंड मुख्य मालकाला, म्हणजे ज्याचं बांधकाम त्याला. किमान वेतन बँकेतूनच. चोरून आलेला माणूस स्वस्तात पडतो म्हणून तो हवा असतो. तो स्वस्त उरला नाही की मुकादम त्याला कशाला आणेल?

मी जन्मभर हेच हजेरीपट तपासले. पानावर ‘मुकादम अधिक 14’ एवढीच नोंद, खाली चौदा अंगठे, सगळे एकाच बोटाचे वाटावेत असे. माझ्या वेळी वीस मजुरांपासून कंत्राटदाराला परवाना लागायचा, म्हणून एकाच इमारतीवर एकोणीस-एकोणीसच्या टोळ्या दाखवायचे. नव्या कामगार संहितेनं ती मर्यादा 50 वर नेली. आता 49 च्या टोळ्या दिसतील, बघ. मी दर वेळी मुख्य मालकाचं नाव अहवालात लिहिलं आणि ‘अडवणूक करणारा’ हा शिक्का घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो. त्याची खंत आहे, पण मी बरोबरच होतो. तेव्हा त्या वह्यांकडे लक्ष दिलं असतं तर आज तुला रात्री-अपरात्री टोळ्या मोजाव्या लागल्या नसत्या.

2025 च्या नव्या परकीय नागरिक कायद्यात हॉटेलं, शिक्षणसंस्था, इस्पितळं यांच्यावर माहिती देण्याची जबाबदारी नावानिशी टाकली आहे. बांधकामाच्या मुख्य मालकावर ती तितक्याच ठळकपणे टाका, अशी शिफारस तुझ्या टिपणात आली पाहिजे. आणि सोबत, रीतसर येऊन ठरावीक मुदत काम करून परत जाता येईल असा परवानाही सुचव. लोक ओरडतील. ओरडू देत.

झोप लागत नाही म्हणतेस, ते बरंच आहे. लागली असती तर मी उत्तर लिहिलं नसतं. पण नुसतं तळमळून त्या बिगाऱ्याचं काय भलं होणार? उद्या कचेरीत गेल्यावर त्या साइटचा वेतनपट मागव. टोळीला उचल कुणी दिली, कुठल्या खात्यातून दिली ते बघ. मुकादम हात वर करील, तिथे थांबू नकोस. त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा. मालकाचं नाव पहिल्या पानावर लिही, परिशिष्टात नको. मसुदा आधी मला पाठव. साहेबांच्या टेबलावर गेल्यावर ते नाव कसं गळतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

तुझा,
काका